तांदळे सर वारले त्या दिवशी

वडवणीच्या चौकात बॅनर लागायला कारण लागत नाही, नुसती हौस लागते. पोरगं दहावीला काठावर पास झालं, लागला बॅनर. नवा ट्रॅक्टर आला, लागला बॅनर. मागं एकानं कुत्र्याचा वाढदिवस केला, तेव्हा कुत्र्याला गॉगल घालून बसस्टँडसमोर लटकवलं होतं. खाली शुभेच्छुकांचे फोटो, सगळे कुत्र्यापेक्षा गंभीर. मग कॉलेजातल्या एका अख्ख्या विभागानं जीव सोडला तर त्याला बॅनर नको? ऋतुजाला हा प्रश्न पडला आणि तिथून सगळा घोळ झाला.

ऋतुजा नुकतीच बारावी पास झाली होती. पण कला शाखेतून, म्हणून भावकीनं पेढे अशा तोंडानं खाल्ले की जणू ती नापासच झाली असावी. भावकीतली बाकी पोरं नर्सिंगला, डी. फार्मसीला, नाहीतर भरतीसाठी पहाटे रस्त्यानं पळायला. हिला काय पाहिजे, तर बी.ए., आणि त्यातही इतिहास.

"इतिहास मंजी काय गं?" थोरली चुलती साखराबाई म्हणाली. "झालं गेलं तेच परत उकरायचं?"

"हो, काकू."

"मग कॉलेज कशाला पाहिजे? ते तर मी फुकट करते रोज."

वडील बिभीषण मेंढरं राखायचे. माणूस भला, पण शब्दाला पक्का. "वडवणीत हाय तर शीक," त्यांनी सांगून टाकलं होतं. "बीडला रोजचं जाणं-येणं न्हाई. वडवणीत नसंल तर नर्सिंगला नाव घालायचं." नर्सिंगमध्ये वाईट काहीच नव्हतं. फक्त ऋतुजा बोकड कापताना गोठ्यामागं तोंड लपवून बसायची, आणि सुई बघितली की तिची दातखीळ बसायची. तिच्या हातात पेशंट देणं म्हणजे पेशंटवर सूड उगवणं.

आणि खरं सांगायचं तर तिला इतिहासच पाहिजे होता. अकरावीत आली तेव्हा ती शेवटच्या बाकावर दप्तराच्या मागं लपायची. हजेरीला 'यस सर' म्हणायचं तरी तिचे कान लाल व्हायचे. इतिहासाला तांदळे सर होते, परमेश्वर तांदळे. ज्युनिअरला शिकवायला माणूस नाही म्हणून सीनिअरचं बघून ज्युनिअरचंही तेच रेटायचे. त्यांच्या वर्गात पाठांतर नव्हतं. पुस्तकातलं वाक्य वाचायचं, चष्मा कपाळावर सारायचा आणि म्हणायचं, "कशावरून?" कुणी म्हणालं, पुस्तकात आहे. "पुस्तकवाल्याला कशावरून?" एके दिवशी ऋतुजाच्या तोंडातून नकळत निघून गेलं, "सर, तुमी सांगताय ते तरी कशावरून?" वर्ग गार पडला. सर मात्र असे खूश झाले की त्यांनी खडू हवेत उडवला आणि झेलायचा विसरले.

त्या दिवसापासून ऋतुजाला कंठ फुटला. मेंढरं मोजली की कमी होतात, असं चुलती म्हणाली. कशावरून? अमक्या विहिरीत साती आसरा राहतात. कोण म्हणालं, कधी म्हणालं, आणि म्हणणाऱ्याचा त्यात फायदा काय? बिभीषण कपाळाला हात लावून सगळ्यांना सांगायचे, "सरानं पोरीला एकच शबुद शिकवला, पण त्यानं घरात आग लावली."

तर जूनमध्ये कॉलेजच्या फळ्यावर नोटीस लागली. पुरेसे विद्यार्थी नसल्यामुळे यंदापासून इतिहास विभाग बंद. त्या खोलीत कॉम्प्युटरचा कसलासा नवा कोर्स येणार होता, ज्याच्या नावाचा अर्थ प्राचार्यांनाही विचारून सांगावा लागत होता. हा निर्णय संस्थेचे अध्यक्ष सटवाभाऊंचा. सटवाभाऊंना इतिहासाचं वावडं होतं असं नाही. मिरवणुकीत घोड्यावर बसायला आणि भाषणात ओरडायला त्यांना इतिहास लई आवडायचा. शिकवायला मात्र पगार द्यावा लागतो.

तांदळे सरांनी प्रयत्न केले नव्हते असंही नाही. जून उजाडला की तालुक्यातले सगळेच प्राध्यापक मोटारसायकलवर पोरं शोधायला निघतात. कुणी दप्तर फुकट देतो, कुणी फी भरतो, कुणी कानात सांगतो, वर्गात येऊच नको, परीक्षेला तेवढं तोंड दाखव. तांदळे सर म्हणायचे, "रोज वर्गात यावंच लागेल." मग पोरं कशाला मिळतायत! एका गावात तर त्यांनी म्हसोबाचा शेंदूर नखानं खरवडून दाखवला. "बघा, हा वीरगळ. गुरं वाचवताना मेलेल्या माणसाचा दगड. तुमचा-आमचा पूर्वज!" ॲडमिशन मिळालं नाही, पण गावानं त्यांना वेशीपर्यंत पळवत आणलं. सरांना तेवढ्यातही आनंद. म्हणे, निदान दगडावर प्रेम आहे लोकांचं.

नोटीस वाचून ऋतुजा थेट इरमकडे गेली. इरम तिची वर्गातली मैत्रीण, आणि इरमच्या भावाचं, आमेरचं, चौकात बॅनरचं दुकान.

"बॅनर करायचाय," ऋतुजा म्हणाली. "श्रद्धांजलीचा."

"या अल्ला! कोण गेलं?"

"इतिहास विभाग."

इरमला हसू आवरेना. दोघींनी मिळून मजकूर केला: भावपूर्ण श्रद्धांजली. इतिहास विभाग. दीर्घ उपेक्षेनंतर दुःखद निधन. शोकाकुल, ऋतुजा कोळेकर आणि समस्त विद्यार्थी. दुकानात तयार साचा होताच, दोन समया, मोगऱ्याचा हार, आणि मधोमध फोटोसाठी गोल. गोल मोकळाच ठेवायचा, असं दोघींचं ठरलं. कारण इतिहासाचा फोटो कुठून आणणार? सकाळी कॉलेजच्या गेटवर लावायचा, सटवाभाऊंची तेवढीच जिरवायची, सर हसतील, संपलं.

संध्याकाळी छापायला बसला तो आमेर. आमेर बॅनरच्या धंद्यात मुरलेला गडी. मोकळा गोल त्याला काही पटेना. बिनफोटोचा बॅनर गेला की गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी भांडायला येतं, हा त्याचा अनुभव. त्यानं मजकूर वाचला, आणि त्याला वाटलं, पोरी रडून रडून इतक्या बेजार झाल्यात की बिचाऱ्यांना नावसुद्धा टाकायचं सुचलं नाही. इतिहास विभाग म्हणजे तांदळे सर, हे काय सांगायला लागतं? शिक्षकदिनाच्या सत्काराचा सरांचा फोटो त्याच्याकडे होता. त्यानं तो गोलात बसवला, चेहरा उजळ केला, केस काळे केले, वर ठळक 'कै. प्रा. परमेश्वर तांदळे सर' टाकलं. 'दीर्घ उपेक्षेनंतर' हे काही त्याला कळलं नाही, ते त्यानं 'दीर्घ आजारानंतर' केलं. आणि सरांवर जीव होता म्हणून साइज वाढवून, जास्तीचं काही न घेता, पहाटेच पोरांना सांगून चौकात लावून टाकला.

सकाळी तिच्या गावाहून येणारी जीप चौकात वळली आणि ऋतुजानं वर बघितलं. वरून तांदळे सर हारातून तिच्याकडे बघून हसत होते. केस कुळकुळीत.

तिनं चालत्या जीपमधून उडीच मारायची बाकी ठेवली.

पण आता उशीर झाला होता. तुम्ही लग्नाला गेला नाहीत तर आमच्याकडं माणसं एकवेळ माफ करतील. मातीला गेला नाहीत तर नातवापर्यंत ती गोष्ट काढतील. कसा गेला, काय झालं होतं, हे नंतर. आधी एकच विचारायचं, "माती किती वाजता हाय?" सगळ्यांच्या स्टेटसला सर झळकले. सिरसाळ्याहून सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या गाड्या निघाल्या. मांजरसुंब्याला ढाबा चालवणारा बजरंग, जो सरांच्या हाताखाली बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत टिकला होता, त्यानं भट्टी विझवून 'दुःखद निधनामुळे ढाबा बंद' अशी पाटी लावली आणि गाडीला किक मारली. सरांचा फोन लागत नव्हता. मेलेल्या माणसाचा फोन लागत नाही, यात कुणालाच नवल वाटलं नाही.

ऋतुजा आणि इरम धावत सरांच्या घरी पोचल्या. अंगणात चपलांचा ढीग. ओसरीवर सरांच्या मंडळी, सरस्वतीबाई, हातात लसणाची पाकळी धरून बसलेल्या, आणि शेजारची चतुराबाई त्यांच्या गळ्यात पडून असा हंबरडा फोडत होती की गल्लीतली कुत्री पळाली.

"अगं पण ते सकाळी उपमा खाऊन गेलेत!" सरस्वतीबाई म्हणत होत्या. "नोटीस लागली तरी पोरं हुडकायला गेलेत. मेले असते तर मला सांगितलं नसतं का?"

"धक्का बसलाय," मागून कुणीतरी हळूच बोललं. "बोलू द्या. मोकळ्या होतील."

"धक्का न्हाई, उपमा!"

"रड, माय, रड," चतुराबाई म्हणाली. घरात चूल पेटवायची नसते म्हणून ती येतानाच पिठलं-भाकरीची टोपली घेऊन आली होती.

ऋतुजा पुढं होऊन ओरडली, "सर जिवंत हायेत! चूक झाली, बॅनर माझा हाय!" पण अशा वेळी पोरीबाळी काहीबाही बोलतात, हे सगळ्यांना माहीत. एका म्हाताऱ्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "सरांची लई लाडकी होती," तो बाकीच्यांना म्हणाला. "शोकाकुलमंदी पहिलं नाव हिचंच हाय."

तेवढ्यात निरोप आला. देह अजून आलेला नाही, तोवर कॉलेजच्या मैदानावर शोकसभा. सटवाभाऊ बोलणार.

मैदान भरलं होतं. पांढऱ्या टोप्या, रुमाल, वडाखाली बायका. नोटीस लागली त्या दिवशी इतिहासासाठी एक माणूस आला नव्हता, आणि आज उभं राहायला जागा नाही. ऋतुजाला राग यावा की रडू, कळेना. ती कोपरं मारत थेट माइकपर्यंत गेली. सगळं सांगून टाकायचं, मग शिव्या खायच्या, असं तिनं ठरवलंच होतं.

पण माइक सटवाभाऊंच्या हातात होता. समोर त्यांचा एक कार्यकर्ता मोबाइल आडवा धरून लाइव्ह करत होता. पांढरे कपडे, काळा गॉगल, कातर आवाज.

"तांदळे सर मंजी चालताबोलता इतिहास!" भाऊ म्हणाले. "कोण म्हणतंय इतिहास विभाग बंद पडणार? हा सटवा जित्ता असेपर्यंत या कॉलेजात इतिहासाच्या दाराला कुलूप लागणार न्हाई! हा माझा सरांना शब्द हाय!"

टाळ्या वाजवायच्या नसतात म्हणून लोकांनी माना हलवल्या. आणि ऋतुजाच्या ओठावर आलेलं कबुलीचं वाक्य तिथंच थबकलं. बोलावं तर आत्ता, सगळं खरं. पण खरं बोललं की भाऊंचा शब्द हवेत जाईल, आणि ती जाईल नर्सिंगला. तिनं तोंड उघडलं. आणि बाहेर आलं ते भलतंच.

"भाऊ, कशावरून?"

इरमनं मागून तिची ओढणी ओढली.

"कोण हाय ही?" भाऊंनी गॉगल वर केला.

"कोळेकराची ऋतुजा. मला इतिहासालाच ॲडमिशन पाहिजे. फळ्यावर बंदची नोटीस हाय, तुमच्या सहीची. आन् तुमी म्हणताय कुलूप लागणार न्हाई. मग खरं काय धरायचं?"

गर्दीतून बजरंग ओरडला, "पोरीला उत्तर द्या, भाऊ! सरांचा आत्मा ऐकतोय!"

भाऊंनी कार्यकर्त्याकडं बघितलं. तो नेमका लाइव्हचा मोबाइल त्यांच्या तोंडाजवळ नेत होता. "ती नोटीस आत्ताच्या आत्ता फाडा!" भाऊ गरजले. "फाडली! अख्खा तालुका बघतोय, पोरी. याहून मोठा पुरावा कोणता पाहिजे तुला?"

"पुरे," ऋतुजा म्हणाली. "एवढा पुरे."

मग दोन मिनिटं स्तब्धता. सगळे उभे. हात समोर बांधलेले, माना खाली. ऋतुजानं डोळे अर्धवटच मिटले होते, कारण तिच्या मनात पाप होतं. आणि त्या अर्धवट उघड्या डोळ्यांनी तिला दिसलं की मैदानाच्या पार मागं, सायकल स्टँडजवळ, डोक्याला टॉवेल गुंडाळलेले तांदळे सर मान खाली घालून, डोळे मिटून, अगदी शिस्तीत उभे आहेत.

ओरडता येईना. स्तब्धता चालू होती.

झालं होतं ते असं. सर मांजरसुंब्याच्या घाटातल्या वस्त्यांवर पोरं हुडकून थकले आणि बजरंगच्या ढाब्यावर चहाला गेले, तर ढाबा बंद आणि निधनाची पाटी. फोन घाटात लागत नव्हता. बाहेर झाडणारा म्हणाला, मालक वडवणीला मातीला गेलेत. आपल्या विद्यार्थ्याच्या घरचं कुणी गेलं म्हटल्यावर सर थांबतील होय? गाडी वळवली, चौकात न जाता मागच्या वाटेनं आले, गर्दी दिसली तिथं थांबले, आणि स्तब्धता चालू बघून उभे राहिले.

स्तब्धता संपली. सरांनी शेजारच्या माणसाला हळूच विचारलं, "कोण गेलं हो?"

"तांदळे सर."

"अरेरे," सर म्हणाले. "कोणते तांदळे?"

शेजाऱ्यानं बघितलं. मग त्यानं जी बोंब ठोकली ती लाइव्हवर अजूनही ऐकू येते. बायका उठून पळाल्या, काही जण सरांच्या पाया पडले, बजरंगनं त्यांना चिमटा काढून बघितला. सरस्वतीबाई गर्दी बाजूला सारत आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "सांगत होते मी. उपमा खाऊन गेलते."

सगळ्यात आधी सावरले ते सटवाभाऊ. "चांगलं झालं, आनंद हाय," ते माइकमध्ये म्हणाले. "सर हायेत. मग आता शोकसभा रद्द, आन् शोकसभेतल्या घोषणा बी..."

"भाऊ!" ऋतुजानं मध्येच तोडलं. "तुमी म्हणालात, हा सटवा जित्ता असेपर्यंत. सर जित्ते का मेले, ह्याचा संबंध न्हाई. तुमी तर जित्ते हायेत ना?"

लोक आधी खदाखदा हसले आणि मग ऐकेचनात. "डिझेल जाळून आलोय आमी," सिरसाळ्याचे लोक म्हणाले. "माती न्हाई तर न्हाई, पण शबुद घेतल्याबगर जात न्हाई." कार्यकर्त्याला लाइव्ह बंद करायची खूण भाऊंनी चारदा केली. तो हसण्याच्या नादात होता.

"चालू ठेवू विभाग," भाऊ शेवटी दात आवळून म्हणाले. "यंदा. पण पोरं कोण आणणार? बिनपोरांचा वर्ग मी चालवणार न्हाई."

आता मैदानावर खरी स्तब्धता झाली. सर टॉवेलनं तोंड पुसत होते.

"माझं नाव लिवा," बजरंग म्हणाला. "दुसऱ्या वर्षाला सोडलंय. पुरं करतो. मेल्यावर आलो, जित्तेपणी यायला काय झालं?" मग त्यानं ढाब्यावरच्या दोन पुतण्यांना हात वर करायला लावले. इरमनं हात वर केला आणि दुसऱ्या हातानं आमेरचा. आमेर बारावीनंतर दुकानातच बसला होता. "मी कावून?" तो पुटपुटला. "सरांना तू मारलंयस," इरम म्हणाली, "भरपाई कोण करणार?" कुणी पोरगी सुचवली, कुणी सून. काहींनी नुसती तोंडं फिरवली आणि टोप्या झटकून गाडीत जाऊन बसले. वर्ग भरला असं म्हणता येणार नाही, पण तो रिकामा आहे असंही भाऊंना म्हणता येईना.

रात्री बिभीषणांना फोनवर फोन. "तुझ्या लेकीनं सरांना मारलं म्हणं." त्यांनी ऋतुजाला समोर बसवलं. मग म्हणाले, "भाऊला कशावरून म्हणालीस व्हय, भर मैदानात?"

"हो, आबा."

"मग जा बाई इतिहासालाच. नर्सिंगच्या पेशंटला तरी कावून तरास द्यायचा."

पहिल्या तासाला सर काखेत गुंडाळी घेऊन आले. बजरंगनं खिळे ठोकले. भिंतीवर बॅनर उलगडला आणि अख्खा वर्ग सरांच्या हारातल्या फोटोसमोर बसला. शेजारच्या खोलीतली कॉम्प्युटरवाली पोरं दारातून डोकावायला लागली.

"समजा, दोनशे वर्षांनी कुणाला एवढंच सापडलं," सर म्हणाले. "तर हे खोटं आहे, कशावरून सांगाल?"

"तुमी समोर हायेत की," आमेर म्हणाला.

"दोनशे वर्षांनी मी नसेन, बाबा. तेव्हा तर हे खरंच वाटेल."

"केस लई काळे हायेत," बजरंग म्हणाला. आमेरनं मान खाली घातली.

ऋतुजा उठली. "साक्षीदार आहे, सर. त्या दिवशी मयत माणसानं सकाळी उपमा खाल्ला होता."

"साक्षीदार कोण?"

"सरस्वतीकाकू."

"मग त्या दिवशी एवढ्या माणसांनी त्यांना काय विचारलं?"

बजरंग खिळ्यांकडं बघत बसला. कुणीच काही विचारलं नव्हतं. सगळ्यांनी नुसतं 'रड' म्हणून सांगितलं होतं.

"हं," सर म्हणाले आणि चष्मा कपाळावर सारला. "तास संपला. जा, विचारून या."

ऋतुजा वही घेऊन सरांच्या घरी गेली. पावसानं उघडीप दिली म्हणून काकू गच्चीवर होत्या, उन्हाळ्यात राहिलेले पापड लाटून झाले होते आणि वाळत घालायला जागा पुरत नव्हती.

"काकू, त्या दिवशी नेमकं काय झालं, सांगता का?"

काकूंनी तिच्याकडं नीट बघितलं. "बस," त्या म्हणाल्या. "सगळं सांगते, पहिल्यापासून. चतुराबाईच्या पिठल्यात मीठ नव्हतं, ते बी सांगते. पर आधी तो बॅनर आणून दे. पालथा टाकला की लई पापड मावतील."